उन्हाळ्यात अडलेली दारं

“पुस्तकाकडे बघायचं नाही. हं, म्हण,” सुतार म्हणाला आणि त्याने पुस्तक छातीशी धरलं. सूनबाई भिंतीकडे तोंड करून पर्यावरणाचे प्रश्न घडाघडा म्हणू लागली.

पदवीचे बाकी सगळे विषय तिने लग्नाआधीच काढले होते. राहिला होता एवढाच. सगळ्यांत सोपा म्हणून तिने त्याला हातच लावला नाही, आणि तोच नडला. पट्टीचा पोहणाराच बुडतो, ते काही उगाच म्हणत नाहीत. नवरा बाहेरगावी नोकरीला, सासू कधीच देवाघरी गेलेली, तेव्हा पाठांतर घ्यायचं काम सासऱ्याकडे आलं. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण शब्द चुकला की त्याचं बोट बरोबर तिथे पडे. घरात एक तरी पदवी यायचीच, असा म्हाताऱ्याचा हट्ट होता. पेपर परवावर आला होता.

घर टेकडीच्या उतारावर होतं. खाली रस्ता रुंद करायला यंत्रं टेकडीचा पायथा कापत होती आणि दिवसभर घराघरांतली भांडी किणकिणत होती. रस्ता झाला की जागेला भाव येईल, म्हणून गल्ली खूश होती. सुताराचीही चंगळ होती. भर उन्हाळ्यात त्याला उसंत नव्हती. कुणाचं दार लागत नाही, कुणाची खिडकी अडते. रंधा घेऊन जायचं, कडा तासायची, कडी अलगद बसली की चहा पिऊन परतायचं. त्याने हात लावलेलं दार पुन्हा कुरकुरलं नाही, याचा त्याला गर्व होता. दुसऱ्या कशाचा करणार बिचारा!

“भूस्खलनाची पूर्वलक्षणं,” त्याने पुढचा प्रश्न वाचला.

“जमिनीला व भिंतींना नव्या भेगा पडतात. झाडं व खांब एका बाजूला कलतात. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं. पूर्वी नीट लागणारी दारं-खिडक्या अडू लागतात…”

“थांब. शेवटचं परत म्हण.”

“चुकलं का, बाबा?”

“नाही. परत म्हण.”

तिने त्याच चालीत परत म्हटलं. चार मार्कांना चार पुरेत, असंही वर सांगितलं.

सुतार उठला. पिशवीतून ओळंबा काढून त्याने स्वतःच्याच घराच्या चौकटीला माथ्यावरून सोडला. दोरी डुलायची थांबली. खालचा लोखंडी गोळा चौकटीपासून चांगला तीन बोटं दूर, दरीच्या बाजूला लोंबत होता.

पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून दारं अडतात, हे शेंबडं पोरही सांगेल. उन्हाळ्यात लाकूड आटतं, दारं सैल व्हायला हवीत. हे त्याच्या मनात आलं नव्हतं का? पहिल्याच आठवड्यात आलं होतं. पण काम आपल्या पायांनी दारात आलेलं असताना लाकडाची चौकशी कोण करतो? घरं वाकडी होत होती, आणि हा शहाणा दारं त्या वाकडेपणाला बेतून देत होता.

सूनबाई दारात आली. तिने दोरीकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

“बाबा, काकूंच्या मागच्या भिंतीला भेग आहे,” ती हळूच म्हणाली. “त्यांनी तिच्यावर कॅलेंडर लावलंय.”

सकाळी गल्लीच्या टोकाचा झरा तांबडा आला. सुतार घरोघर फिरला. सुनेचा अभ्यास सासऱ्याला चढला, म्हणून लोकांनी त्याची टर उडवली. रस्त्याच्या कचेरीत ‘साहेब आल्यावर बघू’ असं उत्तर मिळालं. लेकुरवाळी दोन घरं तेवढी सामान बांधून निघाली. दुपारपासून आभाळ काळं होऊ लागलं होतं. त्याने सुनेला पुस्तकासकट माहेरी धाडलं. पेपर तिथूनच द्यायचा होता. ‘काकूंना घेऊन येतोच,’ असा त्याने तिला शब्द दिला.

काकू म्हणजे त्याच्या वारलेल्या मित्राची बायको, त्याची वहिनी. अगदी खालच्या घरात एकटी राहून शिवणकाम करायची. त्याने सगळं समजावलं, हात जोडले. वहिनी मशीनवरून उठली आणि तिने एका बोटाने दार ढकललं. दार अलगद फिरलं, कडी आवाज न करता बसली.

“बघा, भाऊजी. कुठे अडतंय? सगळ्या गल्लीत असं दार नाही. तुमच्याच हाताचं काम.”

असं चोख लागणारं दार बघून उभ्या जन्मात सुताराला पहिल्यांदाच लाज वाटली.

मग त्याने पेचकस काढला. बिजागऱ्यांचे स्क्रू एकेक करून सोडवले, दार उचललं आणि पाठीवर घेतलं. वहिनी आधी हसली, मग ओरडली. वेड लागलंय का, एकट्या बाईने उघड्या घरात रात्र कशी काढायची, दार ठेवा खाली!

तो वाकून, धापा टाकत चढ चढू लागला. खालची यंत्रं थांबली होती, तरी भांडी किणकिणत होती. मागून वहिनीच्या शिव्या येत होत्या. त्या जवळ येत होत्या, म्हणून तो वळून पाहत नव्हता.