गेटापासून शिट्टीच्या पाटीपर्यंत

ताई रस्त्यावर सायकल चालवायला घाबरते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. का घाबरते, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. तरुणपणी एकदा ती टेम्पोखाली येता येता वाचली. घरी आली आणि एवढंच म्हणाली, "कुठून आला तेच कळलं नाही." त्याच आठवड्यात तिने सायकल विकली आणि विषय संपला.

म्हणून एकसष्टाव्या वर्षी तिने फोन करून "बारके, सायकलवर येतेस का माझ्याबरोबर? तीन दिवस," असं विचारलं तेव्हा मला वाटलं, चुकून दुसरीच कुणी बोलतेय. मी बावन्न वर्षांची आहे, पण ताईच्या लेखी बारकीच.

तिला जायचं होतं ते जुन्या रेल्वेलाइनवरून. डोंगराच्या पायथ्याची ती छोटी गाडी बंद होऊन तीस वर्षं झाली. रूळ उचलले, खडी दाबली आणि आता तिथे फक्त सायकली आणि पायी चालणारे. गाडी नाही, टेम्पो नाही, हॉर्न नाही. चौऱ्याहत्तर किलोमीटरच्या त्या वाटेवर शेवटच्या दिवशी एक फाटक लागतं. तिथे आमचे बाबा गेटमन होते. माझा जन्म तिथलाच, पण मी दोन वर्षांची असताना बाबांची नोकरी सुटली आणि आम्ही शहरात आलो. मला त्या गेटाची आठवण शून्य. ताई तेव्हा अकरा वर्षांची होती, तिला सगळं आठवतं. पण गेटाचं नाव काढलं की तिच्या तोंडाला कुलूप.

भाड्याच्या सायकली घेऊन आम्ही निघालो. आगगाडीला उभा चढ झेपत नाही, त्यामुळे ही वाट चढतेय हे पायांना कळतच नाही. मागे वळून पाहिलं की दरी गुपचूप खाली गेलेली दिसते. ताईचं नवंच रूप मी पाहत होते. ही बाई दर दोनशे मीटरवर थांबायची. बोगद्याच्या भिंतीत माणसाएवढे कोनाडे का? तर गाडी आली की लाइनवरच्या मजुरांनी अंग चोरून उभं राहायला. पुलाच्या कठड्याला मध्येच लोखंडी बादलीची कडी का? तर इंजिनातला निखारा पडून लाकडाने पेट घेतला तर विझवायला. प्रश्न तिचे, उत्तरंही तिचीच. मी फक्त हो म्हणायला.

माझं काम कानांचं. चोवीस वर्षं मी दवाखान्यात लोकांना बंद खोलीत बसवते, डोक्यावर हेडफोन चढवते आणि आवाज आला की बटण दाबायला सांगते. घरातल्या सगळ्यांचे कान मी तपासलेत, एक ताई सोडून. "माझे कान ठणठणीत आहेत," म्हणून ती उठूनच जायची. ती कधी कधी हाकेला ओ देत नाही, तेव्हा आम्ही सगळे म्हणायचो, भाव खाते. जेवताना तिच्या डाव्या हाताला कुणी बसत नसे, कारण तिकडे बसलं की ती बोलतच नाही, असा तिचा लौकिक होता. आणि मी, कानांची जाणकार, या सगळ्याला स्वभाव म्हणत होते.

त्या वाटेवर एक शिरस्ता आहे. बाजूच्या पायवाटेवरून कुणी मुख्य वाटेवर येत असेल तर आधी घंटी वाजवायची. पहिल्या दिवशी डावीकडच्या फाट्यावरून घंटी आली आणि ताईने मान उजवीकडे वळवली. दुपारी डावीकडच्या कुरणातून एका मेंढपाळाने कुत्र्याला हाक मारली, ताई उजवीकडे शोधत राहिली. संध्याकाळपर्यंत मी पाच वेळा मोजलं. पाचही वेळा उजवीकडे. तरी मी तिला काही सांगितलं नाही. उत्तर आधी सांगितलं की माणसाला तेच ऐकू येतं, हे मी रोज बघते.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या स्टेशनात जेवायला थांबलो. स्टेशनाची आता खानावळ झालीय आणि फलाटावर टेबलं मांडलीत. ताईने पिशवीतून रुमाल काढला आणि पिशवी एकदम भोंऽऽ करून ओरडली. फलाटावरची सगळी माणसं दचकली, एकाच्या हातचा पेला सांडला.

"हे काय आणलंस?"

"भोंगा. बोटीवर वाजवतात तो, डबीतल्या हवेवर चालणारा," ताई शांतपणे म्हणाली. "तुला उद्या तो वाजवायचाय."

आणि मग, पन्नास वर्षांनी, तिने सांगितलं.

गेटमन होण्याआधी बाबा इंजिनांच्या कारखान्यात होते. तिथल्या ठोकाठोकीत त्यांचे कान गेले. ऑफिसात कळलं असतं तर गेटाची नोकरी गेली असती, म्हणून हे फक्त घरात ठाऊक. गेटापासून आठ-नऊशे मीटर वर, वळणाच्या पलीकडे शिट्टीची पाटी होती. ड्रायव्हरने तिथे शिट्टी द्यायची आणि गेटमनने गेट लावायचं. ती शिट्टी बाबांना ऐकू येत नसे. ती ताई ऐकायची आणि पळत जाऊन बाबांचा हात ओढायची. सुटीच्या दिवशी सगळ्या गाड्या, शाळा असेल तेव्हा सकाळ-संध्याकाळच्या. मधल्या गाड्या आई बघायची.

"त्या दिवशी मला शिट्टी ऐकू आली नाही," ताई म्हणाली. "दाराच्या पायरीवर आडवी होऊन पुस्तक वाचत होते. गेट उघडं राहिलं. दूधवाल्याची घोडागाडी मध्येच होती. घोडा मेला. दूधवाल्याच्या खांद्याचं हाड मोडलं. ड्रायव्हर म्हणाला, मी शिट्टी दिली होती, आणि त्याने दिलीच असणार. बाबांनी चौकशीत माझं नाव घेतलं नाही. झोप लागली होती म्हणून सही करून दिली."

"तू अकरा वर्षांची होतीस."

"ते ठीक आहे. पण बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांनी मला कधी काहीच काम सांगितलं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा नाही. जाईपर्यंत." ती पावाचा तुकडा नुसता फिरवत होती. "मला एवढंच बघायचंय, की पायरीवर शिट्टी ऐकू येते का. येत नसेल तर मी सुटले. येत असेल तर मी पुस्तकात रमले आणि बाबांची नोकरी घालवली. मग तसं समजून राहीन."

तिसऱ्या दिवशी दहाला आम्ही गेटावर पोचलो. गेटमनच्या दोन खोल्यांत आता सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्तीवाला पस्तिशीचा, हात ग्रीसने काळे. ताईने त्याला नमस्कार केला आणि त्याच्या दाराशी जाऊन थबकली. तिथे गुडघ्याएवढी लोखंडी नळी सिमेंटमध्ये रोवलेली होती, वर लहानशी बैठक, तिला एका बाजूला पाठ.

"हे माझं स्टूल," ती म्हणाली.

"तुमचं? मावशी, मी येत्या आठवड्यात कापून टाकणार होतो ते. येणारा जाणारा अडखळतो."

ताई बसली. पाठ एकाच बाजूला असल्यामुळे बसायची दिशाही एकच, तोंड समोरच्या टेकडीकडे. गाडी यायची ती दरी तिच्या उजव्या हाताला आली. ते मी मनात टिपून ठेवलं.

प्रयोग मी ठरवला, अगदी दवाखान्यातल्यासारखा. पाटी अजून उभी होती. मी तिथे जाऊन अर्ध्या तासात तीनदा भोंगा वाजवायचा, कधी ते सांगायचं नाही. तेव्हा ताई स्टुलावर. मग तिने पायरीवर त्या दिवशीसारखं आडवं व्हायचं, पुस्तक घेऊन, आणि पुढच्या अर्ध्या तासात मी आणखी तीनदा वाजवायचा. ऐकू आलं की वहीत वेळ लिहायची. दुरुस्तीवाल्यानेही वेगळ्या कागदावर लिहायची, ताईकडे पाठ करून. त्याने तर लगेच कानावरची पेन्सिल काढली. त्याच्या दुकानात एवढं रंजक काही महिनाभर घडलं नव्हतं.

मी सहा वेळा भोंगा वाजवला, सहा वेळा घड्याळात पाहून लिहिलं, आणि उतारावरून परत आले.

दुरुस्तीवाल्याच्या कागदावर सहा वेळा होत्या. ताईच्या वहीत तीन. स्टुलावरच्या तिन्ही अचूक, पायरीवरची एकही नाही.

"मावशी, मी आत चाक ठोकत होतो, तरी मला ऐकू आलं," तो बिचारा भाबडेपणाने म्हणाला.

ताईने वही मिटली. "म्हणजे येतं ऐकू. मीच बेफिकीर. तेव्हाही आणि आजही."

"पायरीवर कशी पडली होतीस, दाखव."

तिने दाखवलं. उजव्या कुशीवर, डोकं उजव्या तळहातावर, कान त्यात गच्च बसलेला.

"ऊठ. उजव्या कानात बोट घाल. घट्ट." मी तिच्या डाव्या कानाशी गेले आणि हळूच म्हणाले, "तू हट्टी आहेस, भाजीत मीठ जास्त घालतेस, आणि माझा तुझ्यावर फार जीव आहे."

ताई वाट बघत बसली होती. "बोल की," ती म्हणाली.

दुरुस्तीवाला खाली बघायला लागला. मी तिचं बोट काढलं आणि सांगितलं की तिचा डावा कान बंद आहे, बहुतेक लहानपणापासून. एक कान चांगला असला की माणसाला पत्ता लागत नाही, फक्त आवाज कुठून आला ते कळत नाही. टेम्पो कुठून आला ते कळत नाही. "लहानपणी काही मोठं दुखणं झालं होतं?"

"सात वर्षांची असताना गालगुंड," ती म्हणाली. "महिनाभर घरात होते."

आणि मग तिचं लक्ष त्या नळीकडे गेलं. तिने हात पुढे केला, पण लावला नाही.

"आधी माझं लाकडी स्टूल होतं. कुठेही ओढून न्यायचे. गालगुंड उतरल्यावर त्याच आठवड्यात बाबांनी ही नळी आणली आणि सिमेंट कालवलं. आई म्हणाली, पोरीचं स्टूल गाडताय कशाला? म्हणाले, ती फार हलते." तिने माझ्याकडे पाहिलं. "बारके, त्यांना माहीत होतं."

मला संताप आला, खोटं कशाला बोलू. "माहीत होतं आणि तरी एका कानाच्या पोरीला राखणीला बसवलं? आईला सांगितलं नाही, डॉक्टरला दाखवलं नाही?"

"सांगितलं असतं तर आईने मला बसू दिलं नसतं. मग गाडी ऐकली असती कुणी?" ताईच्या आवाजात राग नव्हता. "दोघांत मिळून एकच कान होता गं आमच्याकडे."

ती स्टुलावर बसली आणि रडली, मोकळी, दुकानासमोर. दुरुस्तीवाल्याने पाणी आणून दिलं. एक सायकलवाला पंक्चर घेऊन आला, त्याला त्याने हातानेच थांबवलं.

"ते चिडलेले नव्हते," डोळे पुसून ताई म्हणाली. "मी पन्नास वर्षं त्यांच्या रागाला भ्यायले. आणि ते माझ्यावर पुन्हा कसलं ओझं टाकायला भीत होते."

निघताना तिने दुरुस्तीवाल्याला विचारलं, "हे नाही कापलं तर चालेल?" तो म्हणाला, "मावशी, आता कसलं कापतो. पिवळा रंग देतो, म्हणजे कुणी अडखळणार नाही."

वाट पुढे उताराची होती. मी सवयीने ताईच्या डाव्या बाजूला आले. मग मला बाबा आठवले. माझ्याबरोबर ते कुठल्याही बाजूने चालायचे, पण ताई बरोबर असली की वळसा घालून तिच्या उजव्या हाताला जायचे. आम्हा सगळ्यांना ती त्यांची एक खोड वाटायची.

"डाव्या कानात काय म्हणाली होतीस?" ताईने विचारलं.

मी वेग कमी केला, तिच्या मागून वळून सायकल उजव्या बाजूला घेतली आणि तिला सगळं पुन्हा सांगितलं, मिठासकट.