वाटीतलं पाणी

दाजी तांडेलाच्या मचव्यात डिझेलचं इंजिन बसलं, तेव्हा मालवणच्या किनाऱ्यावर दुसरा विषय नव्हता. जन्मभर शीड सांभाळलेला माणूस आता हँडल मारून समुद्रात जाणार, याचं त्याला कोण कौतुक! येईल त्याचा हात धरून तो इंजिन दाखवायला न्यायचा. त्याची बायको तुळसा हसायची. "लग्नात माका बघूक पण इतकी माणसा नाय इल्ली," म्हणायची.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. त्याच वर्षी तुळसाचं पाठीचं दुखणं हाडात उतरलं. कुडाळच्या डॉक्टरांनी दाजीला बाजूला घेतलं आणि आता तिला काय हवं-नको ते बघा, म्हणून सांगितलं. तिला एकच हवं होतं. महाशिवरात्रीला कुणकेश्वराच्या पिंडीवर स्वतःच्या हाताने बेल वाहायचा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी दाजीने तिला शिडाच्या होडीतून तिथे नेलं होतं. आता एसटीचं नाव काढायची सोय नव्हती. कुडाळहून परतताना एकेका खड्ड्याला तिचा जीव जात होता.

"मचव्यातना न्हेतंय तुका," दाजी म्हणाला. "इंजिन आसा आता."

तिला बसवून त्याने बंदरात एक फेरी मारली. मचवा थरथरत होता. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटलं नसतं. तुळसाने फळीवर टेकलेला हात उचलून मांडीवर घेतला. घरी आल्यावर हळूच म्हणाली, "शिडार नाय जावक येवचा?"

"शिडार सबंद दिस जायत. आणि इंजिन आसताना लोक काय म्हणतीत?"

तिने पुन्हा विषय काढला नाही. दाजी मात्र हात धुऊन त्या थरथरीच्या मागे लागला. पितळेची वाटी पाण्याने भरून तो मचव्यात जागोजाग ठेवायचा. पुढे नाळेजवळ पाणी नुसतं शहारायचं. मागे, पंख्याकडे जाणाऱ्या दांड्यापाशी, उसळून सांडायचं. पंख्यात जाळं गुरफटलं असेल म्हणून त्याने बुडी मारून पाहिलं. पंखा स्वच्छ होता. इंजिनाचे नट पिळले, की थरथर कमी व्हायची आणि दोन फेऱ्यांत नट पुन्हा ढिले.

शेवटी त्याने कुडाळहून बाबली फिटरला बोलावलं. मचवा रेतीवर ओढून घेतला. बाबलीने इंजिनाखाली हात घातला, नखाने लाकूड खरवडलं आणि वर बघितलं.

"दाजीनू, ह्या लाकूड खंयचा?"

"जुन्या डोलकाठयेचा."

डोलकाठी चिरली आणि नवी उभी केली, तेव्हा जुनी चुलीत घालायला दाजीचं मन धजलं नव्हतं. दर नारळी पुनवेला जिच्या पायाशी नारळ फोडला, तिला जाळायचं कसं? म्हणून त्याने तिचे तुकडे इंजिनाखाली घातले. जुनी नव्याला सांभाळून घेईल, असं त्याला वाटलं होतं.

"डोलकाठी वाकूक व्हयी," बाबली म्हणाला. "इंजिनाखालचा लाकूड वाकान चलना नाय. नट पिळल्यार ह्या दबता, मगे इंजिन खाली बसता नि दांडो तिरको जाता."

त्याने ऐनाच्या टणक लाकडाचे ठोकळे घातले, इंजिन आणि दांडा एका रेषेत जुळवले. मचवा पाण्यात गेला, आणि वाटी पुन्हा सांडली. पूर्वीपेक्षा कमी, पण सांडली.

"रेतीर मचव्याचो आकार येगळो, पाण्यात येगळो," बाबलीने कपाळाला हात लावला. "आता पाण्यातच परत जुळवूक व्हया. परवा करतंय."

पण शिवरात्र उद्यावर होती, आणि तुळसाला परवाचा दिवस दिसेल याचा भरवसा नव्हता.

सकाळी उजाडता उजाडता दाजीने शिडाच्या जाड घड्या घालून मचव्यात गादी केली आणि तुळसाला तिच्यावर निजवलं. शिडाला आता याहून चांगलं काम कुठलं, असं तो सोबत आलेल्या बाबलीला म्हणालासुद्धा. बेलाची परडी तिच्या उशाशी ठेवली. शेजारी वाटी. इंजिन सुरू झालं.

"थरथर लागता गो?"

"नाय," तुळसा म्हणाली. "आज कायच लागना नाय. बरा झाला तुमचा इंजिन."

दाजीचा चेहरा उजळला. त्याने मोठ्या ऐटीत बाबलीकडे पाहिलं. बाबली खाली बघत होता. वाटीतलं निम्मं पाणी सांडलं होतं. वाटी आपली जागा सोडून सरकत होती. तुळसाने शिडाचं कापड मुठीत आवळून धरलं होतं आणि तिची बोटं पांढरी पडली होती.

दाजीला स्वतःची चीड आली. त्याने इंजिन बंद केलं.

"बाबल्या, हात लाव."

दोघांनी तुळसाला अलगद उचलून घोंगडीवर निजवलं, तिच्या अंगाखालचं शीड काढलं आणि चढवलं. जमिनीवरून वारा येत होता. शीड भरलं, मचवा जरासा कलला आणि पाणी कापत निघाला. तुळसाची मूठ सुटली.

"आता बरा वाटता," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "ह्या पयलाच का नाय केलास?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच दाजीला सोसवेना.

"चुकलंय गो."

दुपारच्या आधी वारा पडला, नेहमी पडतो तसा. शीड लोंबू लागलं. बाबलीचा हात इंजिनाकडे गेला. दाजीने नको म्हणून मान हलवली. तुळसाने देऊळ दिसतं का, विचारलं. दिसेल आता, तो म्हणाला. "बेल सुकात," ती पुटपुटली. त्याने परडीवर पाणी शिंपडलं, वाटी काठोकाठ भरून ठेवली. तिला झोप लागली.

समुद्राकडचा वारा आला तेव्हा मचवा पुन्हा चालू लागला. टेकाड मागे पडलं आणि कुणकेश्वराचं शिखर दिसलं.

"तुळसा, बघ गो. उठ."

ती उठली नाही. त्याने तिच्या नाकाशी बोट धरलं, मग कपाळाला हात लावला. वाटीतलं पाणी काठोकाठ होतं, थेंब सांडला नव्हता. महिनाभर त्याने याच पाण्यासाठी जिवाचं रान केलं होतं. बाबलीदेखत तो हमसून हमसून रडला.

आता सुतक लागलं होतं, देवळात जाता येणार नव्हतं. किनाऱ्यावर जत्रेची गर्दी दिसत होती. दाजीने सुकाणू बाबलीकडे दिलं. मचव्याच्या कडेला तुळसाला त्याने छातीशी टेकवून बसवलं, तिच्या हातात बेल ठेवला, आणि देवळाच्या समोर तिचा हात हळूच पाण्यावर उपडा केला.