गुरुवारची माणसं

औषधांच्या दुकानातली गर्दी हटेपर्यंत लाँड्रीवाल्या काकू खोकल्याच्या बाटल्या न्याहाळत उभ्या राहिल्या. खोकला त्यांना नव्हताच. शेवटचं गिऱ्हाईक गेलं तशा त्या पुढे सरकल्या.

"आमच्या शेजारणीच्या मुलाला प्यायची सवय आहे. असल्यांची कुठेशी सभा भरते म्हणे. तिला बिचारीला विचारायची लाज वाटते."

"गुरुवारी सहाला. शाळेच्या मागचा जिना, वरची खोली," दुकानदार म्हणाला. "पैसे नाहीत, नाव नाही सांगितलं तरी चालतं. शेजारणीला म्हणावं, पाठव. मी असतोच तिथे."

"तुम्ही? चांगले दिसता की!"

"आता दिसतो."

काकूंचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. हात थरथरायला लागले तसं त्याला कामावरून घरी बसवलं. सून मुलीला घेऊन माहेरी गेली. जाताना म्हणाली, "सोडली तर येईन, आई. पण यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. तुमच्या तोंडाने नको." काकू तिला दारापर्यंतसुद्धा सोडायला गेल्या नाहीत. नातेवाइकांत मात्र सांगून मोकळ्या झाल्या, की सुनेची आई आजारी आहे.

मुलगा पहिल्या गुरुवारी गेला तो मान खाली घालून. आला तेव्हा पोटभर जेवला आणि कितीतरी दिवसांनी घोरला. असे पाच गुरुवार झाले. थेंब नाही. सहाव्या गुरुवारी घरच्यांनाही बसायची मुभा होती. काकू ठेवणीतले कपडे घालून निघाल्या, जसं काही मुलाचं बक्षीस घ्यायला.

खोलीत लहान पोरांची बाकं. मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली. एक बसचालक, एक निवृत्त मास्तर, आणि तिसऱ्या बाकावर जावेचे कपडे शिवणारी बाई! ही भवानी इथे? म्हणजे उद्या सकाळी जावेला चहाबरोबर सगळं ताजं ताजं मिळणार. चाळीस वर्षं जावेसमोर ताठ ठेवलेली मान ही.

मुलाची पाळी आली. तो उठला. हात खिशात घातले, बाहेर काढले.

"मी दारुडा आहे," तो म्हणाला. "मुलीला शाळेतून आणायला गेलो होतो. तेव्हा मी..."

काकू ताडकन उठल्या. "काहीतरीच काय! दारुडा-बिरुडा नाही हो तो. बाप गेल्याचं मनाला लावून घेतलंय, म्हणून कधीमधी घोटभर घेतो. आमच्या घराण्यात असलं काही नाही."

"काकू," दुकानदार हलकेच म्हणाला, "इथे ज्याचं त्याने बोलायचं असतं. त्याला पुरं करू द्या."

मुलाने आईकडे पाहिलं. हसला, पण ते हसणं बघवेना.

"आई म्हणते तेच खरं," म्हणाला आणि खाली बसला.

जिन्यात तो एवढंच बोलला, "तो शब्द तोंडातून काढायला पाच गुरुवार लागले मला."

"हळू. माणसं ऐकतायत."

पुढच्या गुरुवारी तो गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दुकानदार दोनदा धुतलेलाच शर्ट धुवायला घेऊन आला आणि चौकशी करून गेला. काकू दोन्ही वेळा म्हणाल्या, "बरा आहे तो." चौथ्या महिन्यात मुलगा इस्पितळातच वारला. शेवटी डोळेसुद्धा पिवळे झाले होते.

घर माणसांनी भरलं. "हृदय बंद पडलं," काकू प्रत्येकाला सांगत होत्या. "झोपेत. त्रास नाही झाला." भिंतीशी सून बसली होती, मांडीवर मुलगी. तिने मान वर केली नाही.

दुपारी सात माणसं आली. चपला ओळीत काढून दाराशीच उभी राहिली.

जाऊबाईंनी शिवणवालीला हेरलं. "तू गं इथे कशी? याची तुझी ओळख कुठली?"

"होती थोडी."

"आणि तुम्ही?" त्या दुकानदाराकडे वळल्या.

"लिफ्ट दुरुस्त करून दिली होती त्यांनी," दुकानदार म्हणाला. त्याचं दुकान रस्त्यालगतचं, एका खोलीचं. त्याला लिफ्ट कुठली!

काकू बघतच राहिल्या. चार महिने ही बाई जावेची मापं घेत होती, आणि एक शब्द सांडला नव्हता. आताही सातही जण काकूंचंच खोटं सावरून उभे होते.

"हृदय नाही," काकू म्हणाल्या. "दारूने गेला. ही माणसं त्याला सोडवत होती. पाच गुरुवार कोरडा होता तो. सहाव्याला मी गेले आणि चारचौघांत त्याचं तोंड बंद केलं."

जावेने तोंडाला पदर लावला. सुनेने मान वर केली.

"पाच गुरुवार? मला का नाही कळवलंत?"

"आणखी थोडे होऊ दे म्हणायचा. मग स्वतः येऊन सांगणार होता तुला."

सून उठली. मुलीला कडेवर घेऊन त्या सात जणांपाशी गेली. "काय बोलायचे ते तिथे?"

सातही जण एकमेकांकडे बघू लागले. "ते नाही सांगता येत, ताई," शिवणवाली म्हणाली. "पण आमच्या आधी येऊन बाकं तेच लावायचे. एक बाक डुगडुगायचं, तेही त्यांनीच नीट केलं."

काकूंना हे ठाऊक नव्हतं. आणखी काही सांगतील म्हणून त्या कान देऊन उभ्या राहिल्या. पण ती माणसं आता सुनेशी बोलत होती, अगदी हळू आवाजात.