उंडोचा वाटा

मांद्रेच्या ज्या गेस्टहाऊसमध्ये मी रिसेप्शनवर बसते, तिथले निम्मे पाहुणे मला एकच प्रश्न विचारतात. आधी माझ्या मोबाइलवर कुत्र्याचे फोटो बघून कौतुक करायचं, मग माझ्या डब्यात डोकावायचं आणि भुवया वर करून म्हणायचं, "प्राण्यांवर एवढं प्रेम, आणि डब्यात चिकन?" घरी पार्सेला सासूबाईंचंही तेच. त्या स्वतः सोमवार-गुरुवार सोडून सगळं खातात, पण मला ऐकवतात, "कुत्र्या-मांजरांचो एवढो पुळको, तर शिवराकच हो की गे बाय." शिवराक म्हणजे आमच्याकडे शाकाहारी. माझं उत्तर ठरलेलं होतं. कुत्रा माझा, कोंबडी बाजारातली, आणि जेवताना माझं डोकं खाऊ नका. या उत्तरावर माझं उत्तम चाललं होतं. त्याची वाट लावली सगुणदादाने.

सगुणदादा म्हणजे माझ्या नवऱ्याचा चुलत भाऊ. कुंपणापलीकडेच राहतो. माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं. वाईट असता तर मी कधीच बोलणं तोडून मोकळी झाले असते.

आणि उंडो म्हणजे माझा कुत्रा. पाव भाजणाऱ्या पदेराच्या भट्टीमागे ऊब धरून झोपलेलं पिल्लू मी उचलून आणलं होतं. गोल, तांबूस, भट्टीतून नुकत्याच काढलेल्या उंडो पावासारखं. पावाचंच नाव त्याला पडलं. आता चांगला दांडगा झालाय, पण फटाका वाजला की माझ्या पलंगाखाली. असला हा शूर गडी.

त्या रविवारी सकाळी उठून बघते तर फणसाखालची साखळी रिकामी. नवरा पायरीवर बसून चहा पीत होता. दत्तप्रसाद त्याचं नाव, पण प्रसाद कमी आणि दत्त म्हणून उभं राहणं जास्त.

"उंडो कुठाय?"

"सगुणदादा घेऊन गेला. डोंगरावर. डुकरांनी त्याची रताळी उकरली ना सगळी."

"शिकारीला? माझा कुत्रा? आणि साखळी कुणी सोडली?"

"मी. आता दादाने मागितल्यावर नाही कसं म्हणायचं?"

मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली एवढं सांगते. तो आपला एकच घोकत होता, "अगं येईल. एक दिवस जरा धावला तर काय बिघडतं?"

दुपारी ते आले. पुढे बांबूवर उलटा बांधलेला डुक्कर, चौघांच्या खांद्यावर, मागे सगुणदादाची बंदूक आणि गावचे कुत्रे, जिभा बाहेर काढून. मी एकेक कुत्रा बघत गेले. उंडो नव्हता.

"येतलो मागसून," सगुणदादा माझ्याकडे न बघता म्हणाला.

मागाहून आला तो वाटा. आमच्याकडे शिकारीची रीत आहे. डुकराची सागोती, म्हणजे मांस, माणसांत वाटतात, आणि जो कुत्रा डुकरावर आधी तुटून पडला, त्याच्या मालकाला त्या कुत्र्याचाही एक वाटा मिळतो, माणसाएवढाच. सगुणदादाने केळीच्या पानात बांधलेलं भलंमोठं पुडकं माझ्या हातात दिलं. "घे. उंडोचो वाटो. वाघ निघालो तुझो कुत्रो. पयलो तोच गेलो अंगावर."

"दादा, तो कुठाय?"

तेव्हा कुठे त्याने सांगितलं. वरच्या काजूच्या बागेत. डुकराने सुळा मारला. पडला तो उठला नाही.

मी ते पुडकं तिथेच ओट्यावर आपटलं, दोरीवरची चादर ओढली आणि निघाले. दत्तप्रसाद धावत मागे आला. बरं झालं आला, नाहीतर त्या दिवशी माझा संसारच मोडला असता.

उंडो काजूखाली पडला होता. मागच्या मांडीपासून पोटाच्या कडेपर्यंत फाटलेला. माश्या बसल्या होत्या. मला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला. मेला म्हणे! मी तिथेच बसून मोठमोठ्याने रडले आणि रडता रडता सगुणदादाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग आम्ही दोघांनी चादरीची टोकं धरून त्याला खाली आणलं. जड नव्हता. एका माणसाच्या खांद्यावरही आला असता.

पेडण्याला जनावरांची डॉक्टर विनिता घरीच होती. गाडीत नवरा मला पढवत होता, तारेच्या कुंपणात अडकला म्हणून सांग, शिकारीचं बोललीस तर सगळे आत जातील. डॉक्टरने जखम बघितली आणि त्याच्याकडे बघितलं. "तारेला सुळे कधीपासून फुटले?" दत्तप्रसाद बाहेर जाऊन उभा राहिला.

"तू धर त्याला. घट्ट," ती मला म्हणाली. गुंगीचं इंजेक्शन दिलं, केस कापले, जखम धुतली आणि टाके घालण्याआधी दोन बोटांनी कातडी बाजूला केली.

मी आत बघितलं. बघायला नको होतं. मी आजवर टोपलीभर सागोती कापली असेल. रेषा कुठल्या अंगाने जातात, पांढरा पापुद्रा कुठून सुटतो, सुरी कुठे घालायची, हाताला सगळं पाठ. तेच होतं ते. तोच रंग, त्याच रेषा, तोच पापुद्रा. सुरी कुठून घालावी हेसुद्धा माझ्या हाताला कळलं. माझ्या उंडोच्या मांडीत सागोती होती.

मला ओकारी आली नाही. संताप आला. कुणावर ते धड कळेना, म्हणून सगळ्यांवर. कुत्रा माझा, कोंबडी बाजारातली! आता कुठल्या तोंडाने म्हणू?

संध्याकाळी घरी आलो तर अंगणापर्यंत भाजलेल्या खोबऱ्याचा वास. सासूबाईंनी वाटा शिजवला होता. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्या पाण्याचाही मला राग आला.

उंडोला आम्ही व्हरांड्यात गोणपाटावर ठेवलं. आत सगुणदादा जेवत होता. सासूबाईंनी माझं ताट वाढून समोर सरकवलं, रस्सा, भाकरी, आणि निवडून काढलेले मोठे तुकडे.

"खा गे," सगुणदादा म्हणाला. "तुझ्या कुत्र्याची कमाई."

"दादा, डुकराला खांदा द्यायला चौघं मिळाले. माझ्या कुत्र्याला एक नाही मिळाला?"

"आमका वाटला, मेलो. मेल्लो कुत्रो कोण घेऊन येता?"

"मेला वाटलं, तर वाटा कुणाचा आणलास?"

"अगो, वाटो तो वाटो. हक्काचो. तो कसो चुकवतलंय?" त्याला खरंच कळत नव्हतं. त्याने मोठ्या इमानाने, एक तुकडाही कमी न करता माझ्या कुत्र्याचा वाटा माझ्या दारात आणून दिला होता. कुत्रा तेवढा आणला नव्हता.

मी ताट उचलून त्याच्या पुढ्यात ठेवलं. "हे तूच खा. मी आजपासून खाणार नाही. हेही नाही आणि कोंबडीही नाही."

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "आणि बांगडो?"

"बांगड्याचं मी उद्या बघीन आई! आज मला छळू नका!"

दत्तप्रसादला हसू आलं, मी बघताच त्याने ते रश्श्याबरोबर गिळलं. सासूबाई पुटपुटल्या, मी कधीपासून सांगत होते, शेवटी झालीच शिवराक. जसं काही त्यांच्याच सांगण्यावरून झालं! मला सागोती आवडते. आजही आवडते. सोडली म्हणून मी काही देवी झाले नाही, आणि कुणी मला शाबासकी द्यायला आलं तर त्याचीही मी गय करणार नाही.

सगुणदादाने दोन्ही ताटं संपवली. हात धुवायला तो व्हरांड्यात गेला, मी मागोमाग. त्याची चाहूल लागली तशी गोणपाटावर उंडोची शेपटी हलली. अंगभर टाके, डोळे अर्धे मिटलेले, आणि शेपटी हलवतोय मेला! सगुणदादा खाली बसला, ओल्या हाताने त्याचा कान खाजवायला लागला. उंडोने तो हात चाटला. हाताला सागोतीचा वास असणार.

"बघ," सगुणदादा मान वर करून म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "त्याच्या मनात काय एक नाय. बरो झालो की परत येतलो आमच्यावांगडा शिकारीक."

मी वाकले आणि त्याचा हात धरून बाजूला केला.

"त्याच्या मनात नाय, दादा. माझ्या आसा."