मागून बसलेली जीप

मित्रांनो, मी जीप आहे, जुनी आहे, पण मोडकी कधीच नव्हते, हे आधीच सांगते. माझ्या मागच्या चाकांवर लोखंडी स्प्रिंगा नाहीत, हवेच्या रबरी पिशव्या आहेत. चाकापाशी बोटाएवढी एक काडी हलते आणि माझी पाठ किती वर, किती खाली, ते आतल्या संगणकाला सांगते. त्यावरून तो हवा भरतो नाहीतर सोडतो. वीस वर्षं मी डोंगरात, चिखलात राबले. तिथल्या कमी शिकलेल्या ड्रायव्हरांनाही एवढं कळत होतं.

मग चेन्नईत मला सिद्धार्थसाहेबांनी घेतलं. हे मूळचे नाशिकचे, आता इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात इतरांच्या कामात चुका काढण्याचा पगार घेतात. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, सासरच्यांवर छाप पाडायची म्हणून त्यांनी मला चंदन-कुंकू लावलं, पुढे केळीचे खुंट बांधले. तेवढ्याने भागेना, म्हणून एक मागेही बांधला, आणि सुतळी अडकवायला यांना नेमकी ती काडीच सापडली. दुसऱ्या दिवशी केळ कापून टाकली, सुतळी मात्र काडीपासून बंपरपर्यंत तशीच ताणलेली राहिली. ताणलेली काडी सांगत सुटली की पाठ फार वर आहे. संगणकाने सगळी हवा सोडून दिली आणि मी मागून बसले.

साहेबांनी लॅपटॉप जोडला. त्यावर स्वच्छ आलं, मागची उंची जास्त. समोर तर मी फतकल मारून बसलेली! अक्कल असलेल्याने वाकून पाहिलं असतं. यांनी संगणकच बदलला, मग हवेचा पंप, मग पिशव्या. पँटच्या गुडघ्याला धूळ मात्र लागू दिली नाही. शेवटी मला सोमवारी भंगारात द्यायचं ठरवून मोकळे झाले. मित्रांनो, मी फार घाबरले.

रविवारी त्यांचे सासरे अनंतकृष्णराव चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणीहून आले. हे तंजावरकडचे निवृत्त शिक्षक. काय झालंय ते विचारून त्यांनी धोतरासारखी वेष्टी सावरली आणि सरळ माझ्याखाली आडवे झाले. जावयाला हळूच म्हणाले, "मापिळ्ळै, जावईबापू, एक कात्री आणा. माझ्या लेकीला, कीर्तनाला, काही सांगू नका."

सुतळी कापली. पंप घरघरला आणि माझी पाठ वर आली. म्हाताऱ्याने सुतळीचा तुकडा कमरेला खोचून लपवला. तेवढ्यात त्यांची लेक कीर्तना बाहेर आली.

"सेन्सरचं कॅलिब्रेशन गेलं होतं," साहेब तिला म्हणाले. "केलं मी नीट."

सासरे नळावर हात धूत राहिले. साहेबांनी भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं आणि मला गल्लीभर मिरवायला काढलं. तेव्हाच अनंतकृष्णराव निघाले, पाठीची माती न झटकता, पायी बसथांब्याकडे.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची काळजी घ्या. काही बदलण्याआधी वाकून बघा. आणि तुमच्यासाठी कोणी वाकलाच, तर निदान त्याला घरी सोडून या. त्या दिवशी माझी मागची सीट रिकामीच होती.