भिंतीवरचा चौकोन

राजेगावच्या दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या नाटकात, वसंता दर दिवाळीला राजकुमार व्हायचा. माजी मालगुजाराचा मुलगा तो, शेला घरचाच, तलवारही घरचीच. गरीब विणकराच्या पोरीसाठी तो भरसभेत राज्यावर लाथ मारायचा आणि समोरच्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या. मावशीकडे आलेल्या अंजनानंही एकदा लावला होता. त्या पदराची तिला पुढे फार लाज वाटली.

अंजना बालाघाटला मास्तरीण होती. वर्षभर हा राजकुमार बसनं येऊन शाळेसमोर घुटमळला. लग्न करीन तर तुझ्याशीच, म्हणाला. अडुसष्टच्या उन्हाळ्यात आईला घेऊन मुलगी बघायला यायचं ठरलं, तेव्हा आधी एकटाच येऊन अट घालून गेला. मुलगी आपल्याच जातीची आहे, असं त्यानं आईला सांगितलं होतं. म्हणून भिंतीवरची बुद्धाची तसबीर तेवढा दिवस उतरवायची. अंजनाच्या डोक्यात तिडीक गेली. पण तिचे वडील डोमाजी लेकीच्या सुखापुढे नमले आणि त्यांनी तसबीर गोधड्यांखाली ठेवली. अंजना गप्प बसली, कारण वसंता तिला अजून हवा होता.

या घरात चुना देताना ती तसबीर कधी कोणी उतरवत नसे. दरवर्षी तिच्या कडेकडेनं कुंचला फिरे. ती काढली आणि पांढऱ्या भिंतीवर मातकट चौकोन उघडा पडला.

वसंताची आई गोदाबाई चहाचा कप हातात धरून तिकडेच बघत राहिल्या.

"इथं काय होतं?"

"आरसा होता, माय," वसंता म्हणाला आणि खुशाल चहा प्यायला लागला.

अंजनाच्या मनात त्याच्याबद्दल जे काही उरलं होतं, ते तिथंच सरलं. ती उठली, गोधड्यांखालून तसबीर काढली, पदरानं पुसली आणि खिळ्याला लावली. चौकोन बरोबर भरला.

गोदाबाईंनी कप तसाच खाली ठेवला. "तू पेला काय रे?"

"दोनच घोट."

"जाय, चूळ भरून ये."

राज्यावर लाथ मारणारा तो वीर मुकाट्यानं अंगणात गेला. पण चूळ भरायला पाणीही याच घरचं! म्हणून बिचारा नुसताच थुंकत राहिला.

अंजना दारात येऊन म्हणाली, "थुका आरामानं. अंगण मी झाडून घेईन."

ते गेल्यावर तिनं त्याचा कप राखेनं तीनदा घासला. पाहुण्यांसाठी मुद्दाम आणलेला, नवा कोरा कप होता. तरी मन घेईना, तेव्हा उकिरड्यावर फेकून दिला.