पहिल्या सायकलीसमोरचा मेंढा

सकाळी साडेनऊ वाजता आयत वाझिग गावाखालच्या वळणावर, डांबरी रस्त्याच्या मधोमध एक मेंढा कापला गेला आणि अॅटलासच्या पायथ्यातली सायकलफेरी थांबली.

सगळ्यात पुढे तुदा होती. रक्ताचा ओघळ तिच्या पुढच्या चाकापर्यंत आला. तिने ब्रेक दाबले, पाय टेकला आणि सुरी धरलेल्या माणसाकडे पाहिलं. आयत वाझिगचे म्हातारे मुखिया, हम्मूकाका. त्यांच्यामागे गावातले पुरुष हात पाठीशी धरून उभे होते.

“तुमच्यावर आर घातलाय, हाज,” काका खाली मान घालून म्हणाले. “गाडी आमच्या गावाला द्या.”

“हाज कुठले? मी तुदा आहे, काका.”

काकांनी मान वर केली. हेल्मेट, काळा चष्मा, पिवळं जाकीट.

“तुदा? तू पुढे काय करतेस?”

“सायकल चालवतेय!”

“अगं बाई, ही तर आपली सुईण,” मागून एक बाई म्हणाली. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

एखाद्यापुढे जनावर कापून मागणं मागितलं की त्याला नाही म्हणता येत नाही. म्हटलंच, तर ते त्याच्या घरादाराला लागतं. याला या डोंगरात आर म्हणतात, आणि तो कुणी झिडकारलेला तुदाने आयुष्यात पाहिला नव्हता.

चूक साधी होती. इथे वरात असो की दर्ग्याची यात्रा, मोठा माणूस पुढे चालतो. सायकलफेरीत मोठा माणूस मागे राहतो, हे आयत वाझिगला कुणी सांगितलं नव्हतं. मराकेशचे तेलगिरणीवाले, हज करून आलेले हाज तैयब त्या वेळी दोन वळणं खाली, बदामांच्या बागेशेजारून सायकल ढकलत येत होते.

फेरी रुग्णवाहिकेसाठी होती. लोकांनी वर्गणी दिली होती, उरलेली भर हाज घालणार होते. गाडी एक आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेली गावं दोन. आयत वाझिग वर, हिवाळ्यात बर्फाने तुटणारं. तिझगी खाली. तिझगी तुदाचं गाव. तिथे तिची मुलगी राबहा आठव्या महिन्यात होती. राबहाचं पहिलं बाळ शहराच्या वाटेवर, भाजीच्या ट्रकमध्येच दगावलं होतं. त्यानंतरच तुदाने ही फेरी मनावर घेतली. गाडी तिझगीत ठेवायची का, असं तिने विचारलं तेव्हा हाजनी मान डोलावली होती.

हाज पोहोचले ते घामाने निथळत. त्यांनी मेंढा पाहिला, मग माणसं.

“कुणासमोर पडला?”

“माझ्यासमोर,” तुदा म्हणाली. “तुम्ही समजून.”

“चढाने वाचवलं मला.” पण हाज हसले नाहीत. “माझे आजोबा याच डोंगरातले, तुदाबाई. मी यात हात घालणार नाही. तुम्ही सांगाल तिथे गाडी.”

“गाडी तुमची आहे!”

“होती.”

तुदा काकांकडे वळली. “काका, माणूस चुकलाय. परत घ्या.”

“मेंढा उभा करू का परत?”

“शब्द परत घ्या. आर ज्याने घातला त्यालाच उतरवता येतो.”

“पोरी, गेल्या बर्फात आमच्या दोन बाळंतिणी गेल्या. तुला काय सांगायचं, तूच पायी आली होतीस.”

ती आली होती. दोन्ही वेळा उशिरा.

“घरी राबहा आहे, काका.”

“ठाऊक आहे. तू आहेस हे कळलं असतं तर तुझ्यापुढे कापलाच नसता.” त्यांनी सुरी गवताला पुसली. “पण कापला.”

आर घालणाऱ्यांनी त्या जनावराचं मांस खायचं नसतं. मेंढा फेरीच्या सामानाच्या गाडीत चढवला गेला. स्वार रक्ताच्या कडेने एकेक करून पुढे गेले. आयत वाझिगमध्ये त्यांना कुणी चहा विचारला नाही, आणि तसं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

फेरी दुपारी धरणावर संपली. मांडवासमोर रुग्णवाहिका उभी होती, आरशांना फिती बांधलेली. तुदाला बोलायला उभं केलं. तिने स्वारांचे आभार मानले आणि खाली उतरली. तेवढ्यात राबहाचा फोन आला.

“आई, गाडी पाहिलीस? आत झोपायला नीट आहे ना?”

“आहे.”

“मग कधी आणताय?”

“तू जेवलीस का?”

“आई, मी गाडीचं विचारतेय.”

“जेव आधी,” म्हणून तुदाने फोन ठेवला.

परतताना रुग्णवाहिका फाट्यापर्यंत आली. इथून एक रस्ता खाली तिझगीला उतरतो, दुसरा वर जातो. ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, “बाई, कुठे वळवू?”

“थांब इथेच,” तुदा म्हणाली आणि सायकल घेऊन वरच्या रस्त्याला लागली. काकांशी बोलायचंय, एवढंच तिने सांगितलं. काय बोलणार, ते सांगितलं नाही.

मेंढरं घेऊन खाली आलेल्या एका बाईने तिला सकाळच्याच वळणावर पाहिलं. सायकल कठड्याला टेकवलेली होती. तुदा आणि हम्मूकाका रस्त्याच्या कडेला बसले होते, आणि बोलत काकाच होते.

दिवेलागणीपर्यंत ती परतलेली नव्हती. गाडी फाट्यावरच उभी होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं.